आधी सेल काढा!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गिरगावात एका चाळीच्या जिन्याखाली माझं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते आपलं सवयीनं. चार फूट रुंद, सहा फूट खोल. उभं राहिलं की डोकं जिन्याला लागायचं, म्हणून जवळजवळ तीस वर्षं मी बसूनच काढली. ट्रान्झिस्टर, वॉकमन, मग सीडीवाले आणि शेवटी ते खडूएवढे एमपीथ्री प्लेअर. गाणारं आणि खिशात किंवा पिशवीत मावणारं जे जे असेल, ते माझ्याकडे दुरुस्तीला यायचं. पार्ट हवा असला की चालत लॅमिंग्टन रोड गाठायचा. त्या रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग होऊन कितीतरी वर्षं झाली, पण कंडेन्सर आणायला जाणारा माणूस अजून लॅमिंग्टन रोडलाच जातो.

माझ्या धंद्याचे हंगाम दोन. पहिला हंगाम जूनमधल्या पहिल्या पावसाचा. दुसरा अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीचा. विसर्जनाला पोरं नाचत नाचत चौपाटीच्या पाण्यात शिरायची आणि कमरेचा वॉकमन कमरेलाच राहायचा. सकाळी दुकानासमोर रांग. प्रत्येकाची तक्रार एकच, ‘‘काका, काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला.’’ मी झाकण उघडायचो आणि टेबलावर चमचाभर वाळू पडायची! डॉक्टर आणि वकील यांच्याशी खोटं बोलू नये म्हणतात. त्या यादीत दुरुस्तीवाल्याचंही नाव घालावं. पाणी कुठलं होतं, केव्हा गेलं आणि त्यानंतर बटण दाबलं होतं का, एवढं खरं सांगितलंत तर निम्मं काम तिथंच होतं.

आता बटणाचं एवढं काय, असं तुम्ही विचाराल. तर श्रोतेहो, यंत्र नुसत्या पाण्यानं सहसा लगेच मरत नाही. पाणी आणि वीज एकत्र आली की मरतं. वॉकमनमध्ये दोन पेन्सिल सेल, म्हणजे तीन व्होल्ट. माणसाला जाणवणारही नाही एवढा दाब. पण आतल्या सर्किटवर तांब्याच्या रेषा केसाएवढ्या अंतरानं आखलेल्या असतात. त्यांच्यामध्ये क्षार असलेलं पाणी साचलं की त्यातून वीज वाहू लागते आणि एका रेषेचं तांबं विरघळून दुसरीकडे सरकू लागतं. सोन्याचा मुलामा ज्या क्रियेनं देतात, तीच ही क्रिया, फक्त नको तिथं चाललेली. काही तासांत हिरवट थर चढतो. आम्ही कारागीर त्याला ‘कार्बन आला’ म्हणतो, पण तो असतो तांब्याचा गंज. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून चौपाटीचा रुग्ण पावसाच्या रुग्णापेक्षा जास्त गंभीर.

हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीतून. धंद्यात नवा असताना एका गृहस्थांचा चांगला जपानी वॉकमन भिजून आला. वरून कोरडा दिसत होता. मी मोठ्या ऐटीत सेल घातले, म्हटलं, ‘‘चालतो का बघू!’’ तो चालला. पाच सेकंद. मग बारीकसा धूर आला आणि आतली आयसी गेली. ती मुंबईत कुठंच मिळाली नाही. गृहस्थ भले, बोलले काही नाहीत. त्यांचं न बोलणंच मला जास्त लागलं. ‘चालतो का बघू’ या तीन शब्दांनी जेवढी यंत्रं मारली, तेवढी पावसानं मारली नसतील.

म्हणून पहिला नियम, आधी सेल काढा. दुसरा नियम ऐकून लोक हसतात. भिजलेलं सर्किट पुन्हा पाण्यानं धुवायचं! पण नळाच्या पाण्यानं नव्हे, गाडीच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरनं. मोटर, हेड, पडदा बाजूला काढून ठेवायचा आणि मऊ टूथब्रशनं मीठ-माती धुऊन काढायची. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, बाजारात त्याला ‘आयपीए’ म्हणतात, त्यानं पुन्हा एकदा. ते चिपखाली अडकलेलं पाणी बाहेर काढतं आणि लवकर उडून जातं. ते पेटतंही लवकर, तेव्हा जवळ काडी-उदबत्ती नको. शेवटी वाळवणं. जुलैतल्या मुंबईच्या हवेत पापड वाळत नाही, तिथं सर्किट काय वाळणार? मी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चाळीस वॅटचा पिवळा दिवा सोडायचो आणि हाताला सोसेल एवढ्याच उबेत सर्किट दोन दिवस ठेवायचो. हेअर ड्रायर नको. तो प्लास्टिक वाकवतो आणि पाणी आणखी आत ढकलतो. आणि तांदळाच्या डब्याचं म्हणाल, तर तांदूळ पाणी ओढतात ते पातेल्यात शिजताना. डब्यातले तांदूळ फार तर वरवरची ओल घेतील. आतलं मीठ तिथंच राहतं, वर तांदळाचं पीठ हेडफोनच्या भोकात जाऊन बसतं.

आता एक प्रसंग सांगतो. २६ जुलै २००५, मंगळवार. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्यात अवघा ७३. आम्हा गिरगावकरांना नेहमीचाच पाऊस वाटला होता. उपनगरांत काय झालंय, ते रात्री माणसं घरी पोचेनात तेव्हा कळलं.

त्या शनिवारी एक कॉलेजातली मुलगी भावाचा हात धरून दुकानात आली. तिला दिसत नव्हतं. घर कुर्ल्याचं, मिठीचं पाणी घरात माळ्यापर्यंत चढलेलं. पिशवीत एक वॉकमन आणि चिखलानं भरलेल्या नऊ कॅसेट. गाण्यांच्या नव्हेत. तिची पाठ्यपुस्तकं कोणी कोणी वाचून ध्वनिमुद्रित केलेली होती. तिचा सगळा अभ्यासक्रम त्या पिशवीत होता आणि ऑक्टोबरात परीक्षा.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. भाऊ खाली मान घालून म्हणाला, ‘‘काल नवीन सेल घालून बघितले, काका.’’ वॉकमनचं सर्किट हिरवंगार झालं होतं. पण कॅसेटमध्ये ना सेल, ना बटण. तिच्याशी कोणाला घाई करताच आली नव्हती. शिवाय चिखल अजून ओला होता, तेही बरंच. सुकला असता तर फितीचे वेढे एकमेकांना चिकटले असते.

प्रत्येक कॅसेटचे पाच स्क्रू काढले. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे १३० मीटर फीत असते, तिची गुंडाळी मोडू न देता डिस्टिल्ड पाण्यात बुडवून खळबळायची. इथं आयपीए वर्ज्य, दिव्याची ऊबही वर्ज्य. फितीवरचा लोखंडी थर ज्यानं चिकटवलेला असतो, त्याला दोन्ही सोसत नाहीत. घरी जेवणाच्या ताटांत पंचे अंथरले आणि त्यावर गुंडाळ्या पंख्याखाली ठेवल्या. आमच्या मंडळींनी दोन दिवस आम्हाला पत्रावळीवर वाढलं, पण ताटं मागितली नाहीत!

मग नव्या कॅसेटच्या खोक्यांत फिती भरल्या आणि लक्षात आलं, घोटाळा झाला. ब्रेलच्या चिठ्ठ्या पाण्यात गळून गेलेल्या, आणि कुठली फीत कशाची हे लिहून ठेवायचं मी विसरलो होतो. मुलीला बोलावलं. एकेक कॅसेट दुकानातल्या डेकवर लावली. दोन वाक्यं ऐकली की ती सांगायची, ‘‘हा इतिहासाचा दुसरा भाग. या बाई ‘श’ जरा जोरात म्हणतात.’’ ‘‘हे अर्थशास्त्र. या काकांना खोकला होता त्या दिवशी.’’ मी ज्याला फीत म्हणत होतो, ती तिच्यासाठी ओळखीची माणसं होती.

नऊपैकी सात पूर्ण वाजल्या. एकीचा आवाज मध्ये मध्ये बसला होता. एक दोन ठिकाणी तुटली, तिथला मजकूर गेला तो गेलाच. मी ओशाळून सांगितलं. ती म्हणाली, ‘‘तेवढं मैत्रिणीकडून वाचून घेईन, काका.’’ सगळ्यांच्या दोन-दोन प्रती काढल्या, आणि एक संच नातेवाइकांकडे तिसऱ्या मजल्यावर ठेवायला सांगितलं. तिचा वॉकमन काही उठला नाही. माझ्याकडे एकाचा सांगाडा होता, एकाची मोटर होती, त्यातून तिला एक उभा करून दिला.

त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाला एक प्रश्न जास्त विचारू लागलो, ‘‘यात आहे काय?’’ कारण यंत्र दुसरं मिळतं. नुसती गाणी असतील तर जुनं टाकून द्या, मी सांगायचो. पण आत कोणाचा आवाज असेल, तर आधी आवाज वाचवायचा, यंत्राचं मग बघू.

आता ती चाळ नाही, तिथं टॉवर आहे. गिरगावात जमिनीखालून मेट्रो धावते. आयपॉडसुद्धा २०२२ साली बनायचा थांबला. हल्ली कानात घालायच्या त्या शेंगदाण्याएवढ्या वस्तूचे सेल तुम्हाला काढताही येत नाहीत. मग ती बंद करा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जरला लावू नका. बॅटरी फुगलेली दिसली तर टोचू नका, दाबू नका, ती पेट घेते. आणि आईचा, आजोबांचा, कोणाचाही आवाज एकाच यंत्रात असेल, तर आज रात्री जेवण झाल्यावर त्याची दुसरी प्रत करून दुसऱ्या घरी ठेवा.

पाऊस दर वर्षी येणार. वस्तू भिजणारच. भिजली की हात आपोआप बटणाकडे जातो. तो तेवढा आवरा, बाकीचं आम्ही कारागीर बघून घेतो.