मामाला कुणी विचारलंच नाही



तीन वर्षांपूर्वी गल्लीतल्या भांडणात माझ्या मामाचा हात मोडला. मारणारा ओळखीचाच पोरगा, १९ वर्षांचा. केस अजून चालू आहे. मामा तारखेला जातो आणि पुढची तारीख घेऊन येतो. "त्याला आत टाकायलाच पाहिजे," असं घरात सगळ्यात मोठ्यानं मीच म्हणत होतो.

यंदा डॅनिएल सेरेड यांचं 'अनटिल वी रेकन' (२०१९) वाचलं. न्यूयॉर्कमधली त्यांची संस्था मारहाण, लुटीसारख्या हिंसक गुन्ह्यांत तुरुंगाला पर्याय देते. पण ज्याला इजा झाली, त्याची संमती असेल तरच. मग दोघं समोरासमोर बसतात, भरपाई ठरते आणि गुन्हा करणाऱ्याला वर्षभराहून जास्त काळ ते सगळं पाळावं लागतं. सेरेड सांगतात, विचारलेल्यांपैकी ९० टक्के लोक हाच मार्ग निवडतात.

हिंसक गुन्हेच का? जॉन फाफ यांच्या 'लॉक्ड इन' (२०१७) मध्ये उत्तर आहे. अमेरिकेत राज्यांच्या तुरुंगांतले निम्म्याहून जास्त कैदी हिंसक गुन्ह्यांतले आहेत. किरकोळ गुन्हेगार सोडून तुरुंग फारसे रिकामे होत नाहीत.

आपल्याकडे जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आली, पण मोजक्या किरकोळ गुन्ह्यांनाच. खरं तर आपल्या शेजारीच, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला, औंध संस्थानानं गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना भिंतीविना, शेती करत ठेवलं होतं. त्यावरून गदिमांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ ला 'दो आँखें बारह हाथ' काढला. सिनेमा आपल्याला माहीत आहे, प्रयोग विसरलो.

एक भीती मलाही वाटते. आपल्याकडं 'मिटवून टाका' म्हणजे बहुतेकदा दुबळ्यानंच गप्प बसायचं. पैसेवाला, वरच्या जातीचा सुटतो. म्हणून संमती दबावाखाली नाही ना, हे बघणारं कुणीतरी पाहिजे, आणि ठरलेलं मोडलं तर कोर्ट आहेच. नाहीतर ती सुधारणा नव्हे, जुनीच दडपशाही.

पुस्तक संपल्यावर मामाला पहिल्यांदा विचारलं, "तुला काय पाहिजे?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दवाखान्याचा खर्च द्यावा. आणि का मारलंस, ते एकदा समोर बसून सांगावं. भीती वाटते रे अजून, त्या कोपऱ्यावरनं जायला."

तीन वर्षांत हे त्याला ना पोलिसांनी विचारलं, ना वकिलानं, ना मी.