उत्सव पाहणाऱ्यांचा नव्हे, करणाऱ्यांचा

(अकलोली, तालुका भिवंडी येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपण आज ज्या ठिकाणी जमलो आहोत, तेथून तानसा नदीचे पात्र आणि महादेवाच्या मंदिरालगतची ऊन पाण्याची कुंडे हाकेच्या अंतरावर आहेत. पलीकडे वज्रेश्वरी व गणेशपुरी ही क्षेत्रे आहेत. वसईच्या मोहिमेवर असताना चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर वज्रेश्वरीचे मंदिर उभे राहिले, हा इतिहास आपणांस ठाऊक आहे. तेव्हा क्षेत्राचे माहात्म्य सांगण्यासाठी मी आलेलो नाही. उन्हाळ्यात आणि शरदाच्या आरंभी आपल्या परिसरात लोक एकत्र येतात, गातात, नाचतात, भिंती रंगवितात. त्या एकत्र येण्याचे बळ कशात आहे आणि ते टिकविण्यासाठी आपण काय करावे, एवढाच माझा विषय आहे.

वैशाखाच्या उंबरठ्यावर

चैत्र अमावास्येच्या सुमारास वज्रेश्वरीची यात्रा भरते. देवीची पूजा होते, दीप उजळतात आणि दुसऱ्या दिवशी पालखी निघते. या दिवसांत हवा तापलेली असते, शेते मोकळी असतात आणि नदीचे पात्र रोडावलेले असते. शेतकऱ्याला सवड असते म्हणून यात्रा या वेळी भरते. परंतु सवड असते त्याच वेळी पाण्याची चणचणही असते. याच नदीवर वरच्या अंगाला बांधलेल्या तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबई शहराला जाते. त्या नदीच्या काठी उन्हात चालत आलेल्या यात्रेकरूला घोटभर स्वच्छ पाणी मिळते की नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ व्यवस्थेचा राहत नाही. तो आपल्या आतिथ्याचाही होतो.

हेच दिवस लग्नसराईचे. वारली घरात लग्न ठरले की गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. तो सवाशिणी लिहितात. चौकाच्या मधोमध पालघाट देवी असते आणि भोवती झाडे, पाखरे, माणसे, वाजंत्री असतात. धवलेरी लग्नाची गाणी गाते. एकीने चौकट आखावी, दुसरीने नक्षी भरावी, मुलींनी पीठ कालवून द्यावे, अशा रीतीने ते काम पुरे होते. त्या चित्राखाली कोणाचे नाव नसते.

१९७० नंतरच्या काही वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही कला भिंतीवरून कागदावर आली. डहाणू भागातील जिव्या सोमा मशे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. या गौरवाचा आनंद आपणा सर्वांना आहे. कलावंताच्या घरी चार पैसे आले, त्याच्या कलेस जगात मान मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि, ज्या सवाशिणींच्या हातून चौक उतरत असे, त्यांच्या नातींना तो आज लिहिता येतो काय, हेही आपण विचारले पाहिजे. दिवाणखान्यात वारली चित्र लागले आणि पाड्यावरच्या लग्नात तयार छापील कागद भिंतीवर चिकटविला गेला, तर कला वाचली असे म्हणता येणार नाही.

भात पिकू लागते तेव्हा

पावसाचा जोर ओसरला की भाद्रपदात गणपतीच्या पाठोपाठ गौर येते. कित्येक घरांत ती तेरड्याच्या रोपांच्या रूपाने येते. मुली ती पाण्याकाठाहून वाजतगाजत आणतात. रात्री फेर, झिम्मा, फुगडी रंगते. लावणीच्या चिखलात वाकलेल्या पाठीला हा पहिला विसावा असतो. पुढे भात तयार होऊ लागले की तारप्याचे सूर कानी येतात.

तारपा हे वाद्य कोठल्याही दुकानात घडत नाही. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा, एवढ्या सामग्रीतून ते आकाराला येते. वादक नाकाने श्वास घेत असतानाच गालातील हवा आत सोडीत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. त्याच्याभोवती स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात आणि ती साखळी नागमोडी फिरते. वादक जिकडे वळेल तिकडे नाच वळतो. या नाचाला समोर बसलेला प्रेक्षक लागत नाही. जो आला, तो साखळीत सामावला जातो. चौकाचे लेखन आणि तारप्याचा नाच या दोहोंतील समान सूत्र हेच आहे की, तेथे करणारे पुष्कळ असतात आणि नुसते पाहणारे थोडे असतात.

एक पाहिलेला प्रसंग

काही वर्षांपूर्वी एका गावी शाळेच्या कार्यक्रमास मी गेलो होतो. मुलांनी तारप्याचा नाच बसविला होता. वेश सुंदर होते, पावले बिनचूक होती. सूर मात्र ध्वनिक्षेपकावरून येत होता, कारण ध्वनिमुद्रण सोयीचे पडते. कार्यक्रम संपल्यावर माझ्या शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांशी बोलणे झाले. ते स्वतः तारपा वाजविणारे होते. त्यांचा नातू त्याच नाचात होता. मी विचारले, “बाबा, तुम्ही का वाजवला नाही?” ते म्हणाले, “मला कोणी सांगितलं नाही, साहेब. मी बघायला आलो.”

त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. त्यांनी कष्ट घेतले होते, आणि मी स्वतःही त्या दिवशी टाळ्या वाजविल्या होत्या. परंतु “मी बघायला आलो” हे शब्द माझ्या मनातून गेले नाहीत. ज्याच्या श्वासावर नाच चालावयाचा, तोच खुर्चीवर बसून राहिला. उत्सव लोप पावतात ते बंदीमुळे क्वचितच. करणारा हळूहळू बघणारा होतो, म्हणून ते लोप पावतात.

शहराने दिलेला धडा

ही गोष्ट केवळ पाड्यांची आहे असे कोणी समजू नये. आपले तालुक्याचे शहर भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. तेथे मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. गणेशोत्सवाची धामधूम सरते न सरते तोच आश्विनाच्या सुमारास तेलुगू भाषक भगिनी रानफुलांची उतरंड रचून बतुकम्माभोवती फेर धरतात. याच शहराने १९७० आणि १९८४ च्या मे महिन्यांत दंगलींचा दाह सोसला. १९७० मध्ये तर शिवजयंतीच्या मिरवणुकीचे निमित्त झाले. माणसांना जोडणारा उत्सव माणसांना तोडूही शकतो, हे कटू सत्य आपण विसरता कामा नये.

पुढे १९८८ पासून तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांतील साधी माणसे आणि पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. मिरवणुकीच्या दिवशीचा बंदोबस्त आवश्यक असतोच. पण त्याआधी वर्षभर झालेल्या साध्या बैठकांनी जे साधले, ते केवळ बंदोबस्ताने साधले नसते. वस्तीतील शांतता राखणे हेही तेथे वस्तीतील माणसांचेच काम ठरले.

आपले कर्तव्य

संविधानाच्या ७३ व्या दुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय दिले. त्यांत ‘सांस्कृतिक कार्य’ आणि ‘बाजार व जत्रा’ हे दोन्ही विषय आहेत. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ चा पेसा कायदा लोकांच्या परंपरा, रूढी व सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा समर्थ आहे असे स्पष्ट म्हणतो. तेव्हा हे काम फावल्या वेळचे नाही. मात्र ते करताना पंचायतीने स्वतः उत्सवाची यजमान होऊ नये. उत्सवाची पाठराखण करावी.

पंचायतीने पाणी, सावली, दिवाबत्ती, स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे आणि कचऱ्याची व्यवस्था पाहावी. कुंडांत साबण व नदीत प्लास्टरच्या मूर्ती जाणार नाहीत, यासाठी आधीपासून लोकांशी बोलावे. शाडूची मूर्ती घडविणाऱ्यास प्रोत्साहन द्यावे. रात्री १० नंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम सर्वांना सारखाच लावावा. कर्णा थांबला की तारपा ऐकू येईल, हा त्याचा वेगळा लाभ. आणि यात्रेपूर्वी महिनाभर एक बैठक घ्यावी. तीत प्रत्येक पाड्याचा, प्रत्येक समाजाचा माणूस असावा आणि प्रत्येकाकडे एक तरी काम असावे. ज्याने पाणी भरले, त्याची ती यात्रा होते.

शिक्षकांना माझी विनंती वेगळी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दप्तराविना दिवस सुचविले असून त्या दिवसांत स्थानिक कारागिरांकडून शिकावे, अशी कल्पना आहे. त्यांतील एक दिवस चौक लिहिणाऱ्या आजीला द्या, एक दिवस तारपा करणाऱ्या आजोबांना द्या. त्यांना व्यासपीठावर बसवून हार घालण्यापेक्षा वर्गाच्या भिंतीपाशी उभे करा आणि मुलांना पीठ कालवू द्या. मुलांनी त्यांची गाणी वहीत उतरवून घ्यावीत. मात्र वहीत उतरले म्हणजे काम झाले असे समजू नये. गाणे गळ्यात उतरले पाहिजे. आणि या गुरूंचे मानधन आठवणीने, सन्मानाने व वेळेवर द्या.

मित्रहो, येत्या भाद्रपदात, आश्विनात आपण कोठे ना कोठे कार्यक्रमास जाल. तेथे पहिल्या रांगेतील खुर्ची आपल्यासाठी राखलेली असेल. बसण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहावे. शेवटच्या रांगेत कोणी वादक, कोणी गाणारी बाई ‘बघायला’ आलेली असेल. तिला पुढे बोलवावे आणि साखळीत आपणही हात गुंफावा. पावले चुकली तरी चालतील.