घरी कोणी नाही

(अचलपूर येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)

मला 'स्त्रिया आणि नवे रोजगार' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. एवढा मोठा विषय मला झेपणार नाही. मी एकाच कामाबद्दल बोलते : घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचं रीडिंग घेण्याचं काम. एम.एस.डब्ल्यू. करताना मी पुष्कळ वस्त्या पालथ्या घातल्या. पण अचलपूर मला खरं कळलं ते हे काम करणाऱ्या एका मुलीबरोबर सहा दिवस फिरले तेव्हा. तिचं नाव सांगत नाही. का ते पुढे कळेलच.

मुलगी बारावी झालेली, एका ठेकेदाराकडे काम करते. मीटरचा मोबाईलवर फोटो काढायचा, आकडा भरायचा, की पुढचं घर. पैसे नगावर. घर बंद असलं तर तशी नोंद करायची. मग त्या घराला सरासरीचं बिल जातं आणि हिला त्या घराचे पैसे मिळत नाहीत. दिवस मे महिन्याचे. आपल्या वऱ्हाडात पारा ४५च्या घरात, घराघरात कूलर सुरू, आणि ही डोक्याला ओढणी गुंडाळून गल्लोगल्ली.

पहिल्याच सकाळी जुन्या गावातलं एक दार वाजवलं. पिठाचे हात घेऊन बाई बाहेर आल्या. मागे सासूबाई, पदराला दोन पोरं. म्हणाल्या, "घरी कोनी नाही, मंग ये."

मी मोजलं. चार माणसं तर समोरच उभी होती!

मुलगी हसली. "ताई, कोनी नाही म्हंजे मानूस नाही. मले आता पाठ झालं."

मैत्रिणींनो, त्या बाईंना हसू नका. कायदाही त्यांच्याच भाषेत बोलतो. २००३च्या वीज कायद्याचं १३५वं कलम वीजचोरीबद्दल आहे. त्यात म्हटलंय की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घराची तपासणी करायची नाही. करायचीच तर त्या घरात राहणारा प्रौढ पुरुष हजर हवा. हेतू बायकांच्या रक्षणाचा असेल. पण घरात साठ वर्षांची कर्ती बाई हजर असली, तरी कायद्याच्या लेखी तिथे हजर कोणी नाही. आणि बिलावर नाव कोणाचं? कित्येक घरांत तर वारलेल्या सासऱ्याचं. वीज वापरायची, काटकसर करायची, बिल जास्त आलं की बोलणी खायची ती बाईनं. नाव मात्र तिचं नाही.

आता दाराच्या बाहेर उभी असलेल्या मुलीकडे पाहू. ती बाई आहे म्हणून कामाचा फायदाच होतो. जुन्या वाड्यांत मीटर देवडीत, अंधारात असतं. पडदा पाळणाऱ्या घरात पुरुष आला तर दार लोटून घेतात, हिला आत नेतात. रीडिंग बरोबर मिळतं. पण ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणतो, ती नगावर काम करते, आमच्याकडे नोकरीला थोडीच आहे! म्हणजे त्याच्या वहीतही ती 'कोणी नाही'.

सकाळी सातपासून दुपारपर्यंत ती पाणी पीत नाही. मी बाटली पुढे केली तर म्हणाली, "पानी पेलं तं जाऊ कुटं?" शेकडो घरांच्या दारात जाणाऱ्या मुलीला लघवीला जायला एक जागा नाही. दोनदा तिला मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला आहे.

चौथ्या दिवशी तिनं मला एका घरापुढून भरभर नेलं. नंतर सांगितलं. मागे एकदा त्या घरातल्या माणसानं 'मीटर आत आहे' म्हणून आत बोलावलं आणि कडी लावली. ही ओरडली, हाताला हिसडा देऊन पळाली. ठेकेदाराला सांगितलं, तर त्यानं ती गल्ली दुसऱ्याला दिली. शिक्षा कोणाला झाली? हिचे दीडशे मीटर गेले. घरी तिनं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर कामच सुटलं असतं. म्हणून मी नाव सांगत नाही.

हा प्रश्न जुना आहे. राजस्थानातल्या भंवरीदेवी सरकारी कार्यक्रमात गावपातळीवर काम करत होत्या. बालविवाह रोखायला त्या लोकांच्या दारी गेल्या, म्हणून १९९२मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातूनच विशाखाची याचिका उभी राहिली आणि १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मार्गदर्शक तत्त्वं दिली. २०१३च्या कायद्यानं तर स्पष्टच म्हटलं, की नोकरीच्या निमित्तानं बाईला जिथे जिथे जावं लागतं ती तिची कामाची जागा. ठेकेदाराकडची बाईही त्यात येते. तिथे संबंध येणाऱ्या इतर लोकांपासून तिला सुरक्षित ठेवणं आणि तिची इच्छा असेल तर पोलिसांत तक्रार करायला मदत करणं हे मालकाचं कर्तव्य. दहापेक्षा कमी कामगार असले, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असली, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. साधारण मुदत तीन महिन्यांची. हे त्या मुलीला कोणीही सांगितलेलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आता स्मार्ट मीटर येताहेत, त्यांचं रीडिंग दारात न येता कंपनीत पोचतं. मग हे काम टिकणार किती? कदाचित नाही टिकणार. पण आशाताई दारात येतात, जनगणनेच्या बाई येतात, बचत गटाच्या वसुलीला बाई येतात. दुसऱ्याचं घर हीच कामाची जागा असलेल्या बायका वाढतच आहेत.

म्हणून दोन गोष्टी मागते. एक ठेकेदारांकडे : ओळखपत्र द्या, अडचणीच्या गल्लीत दोघींना पाठवा, आणि तक्रार आली तर मुलीची गल्ली काढून घेऊ नका. दुसरी तुमच्याकडे : ती आली की पाणी विचारा, 'आत जायचंय का' तेही विचारा. तिच्याकडून मीटर वाचायला शिका. मागचा आकडा आजच्या आकड्यातून वजा केला की झाले युनिट. शंभर ओलांडले की पुढच्या युनिटांचा दर चढतो, हे आपलं आपल्याला कळलं पाहिजे.

आणि मैत्रिणींनो, तिनं दार वाजवलं की 'घरी कोणी नाही' म्हणू नका. तुम्ही आहात ना!