रंगारी ठरविताना
(जीर्णोद्धारासाठी भरलेल्या ग्रामस्थांच्या सभेत केलेले भाषण)



देवळाचा गिलावा पूर्ण झाला. आता रंगाचे काम कोणाला द्यावे, यावर पंधरा दिवस पारावर चर्चा चालू आहे. तरुण मंडळी म्हणतात, आम्ही श्रमदानाने रंग देऊ, मजुरी वाचेल. त्यांच्या उत्साहाला माझा नमस्कार. आवाराची भिंत व ओवऱ्या त्यांनी जरूर रंगवाव्यात. परंतु सभामंडप व शिखर व्यवसायी रंगाऱ्याकडेच द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिखरावर पक्की परांची आणि कमरेला पट्टा लागतो. तेथे आपली पोरे दोरीवर चढवून मजुरी वाचवायची नाही.

रंग लावणे हे रंगाऱ्याचे निम्मेच काम. जुन्या भिंतीवरचा सुटलेला चुना खरवडणे, भेगांत लांबी भरणे, ती वाळल्यावर पॉलिशपेपरने घासणे, मग अस्तर आणि त्यानंतर रंगाचे दोन हात. आधीचे काम मागाहून दिसत नाही, म्हणून नेमके तेच चुकविले जाते. ओल्या गिलाव्यावर रंग दिला तर पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटतात. आपला नवा सिमेंटचा गिलावा पाणी मारणे थांबल्यावर निदान महिनाभर वाळू द्यावा. यंदाचा उत्सव रंगाविना झाला तर देव काही रागावणार नाही.

दोन रंगाऱ्यांनी दर दिले आहेत. एकाचा दर दुसऱ्याच्या जवळजवळ निम्मा आहे व पुष्कळांचा कल तिकडे आहे. तालुका कचेरीत निविदांचे कागद माझ्या हाताखालून जातात. कमी दर दिसला की त्यात काय धरलेले नाही, ते मी आधी पाहतो. या दरात खरवडणे नाही, लांबी नाही, परांची नाही, आणि तो एकाच हाताचा दर आहे. 

आता माप पाहू. सभामंडप आतून ४० फूट लांब व २५ फूट रुंद, भिंतींची उंची १२ फूट. म्हणजे घेर १३० फूट व क्षेत्र १,५६० चौरस फूट. यातून दारे-खिडक्या वजा जातील. एका लिटरमध्ये एका हाताला साधारण शंभर-सव्वाशे चौरस फूट होतात, खडबडीत भिंतीवर थोडे कमी. तेव्हा दोन हातांना २५ ते ३१ लिटर रंग पुरावा. कोणी ६० लिटरचे बिल आणले, तर आपल्याला विचारता आले पाहिजे. वर्गणीच्या पुस्तकात अकरा आणि एकवीस रुपयांच्या पावत्या किती आहेत, ते खजिनदारांना विचारा.

दारे व कमानी यांवर जुन्या ऑइलपेंटचे थरावर थर आहेत. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे असू नये, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपले थर त्याच्या पुष्कळ आधीचे, त्यांत शिसे असू शकते. ते कोरडे घासले की धूळ उडते, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून पाणी मारूनच खरवडावे, पडलेली खरवड पोत्यात भरावी, ओढ्यात टाकू नये. सभामंडपात भरणारी बालवाडी तेवढे दिवस शाळेत हलवावी. हे काम नीट कसे करणार, हे दोघाही रंगाऱ्यांना आधी विचारावे.

गाभाऱ्याच्या काळ्या दगडाला मात्र ऑइलपेंट लावूच नये. दगडातली ओल आत कोंडते व कोरीव काम झिजते.

इसार मोजका द्यावा. अस्तर झाल्यावर एक हप्ता, दुसरा हात झाल्यावर दुसरा, आणि थोडी रक्कम पहिला पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवावी. रंगाचे नाव व किती हात, हे सारे कागदावर यावे. रंगाऱ्याचे पैसेही ठरल्या दिवशी मिळावेत. देवाचे काम म्हणून त्याची मजुरी कापण्याची सूचना माझ्या कानावर आली आहे, तिला माझा विरोध आहे.

शिखर व कमानींची मापे उद्या आरतीनंतर घ्यावयाची आहेत. ज्यांना शंका असेल त्यांनी टेप धरायला यावे. त्याच मापांवर आणि एकाच यादीवर दोघांकडून पुन्हा दर मागवावेत, अशी सूचना मी सभेपुढे मांडतो आणि अध्यक्षांच्या परवानगीने आपली रजा घेतो.