पाणी गाळायचे फडके

घरातल्या फडक्यांची गणती कोणी करीत नाही. भाकऱ्या गुंडाळायचे एक, ओटा पुसायचे एक, तापलेले भांडे उतरवायचे एक, आणि ज्याला वाटेल त्याने हात लावायचा नाही असे एक. हे शेवटचे म्हणजे पाण्याचे फडके. जुन्या धोतराचा नाहीतर लुगड्याचा तुकडा, धुऊन धुऊन मऊ झालेला. आडावरून घागर आली की हंड्याच्या तोंडावर ते दुपदरी पसरायचे आणि वरून सावकाश धार धरायची. तुमच्यापैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांना हे चित्र सांगावे लागणार नाही.

आम्ही इतिहास शिकवणारी माणसे तलवारी आणि ताम्रपट यांच्यामागे असतो. वस्तुसंग्रहालयात दिवे, अडकित्ते, पानाचे डबेसुद्धा मांडलेले दिसतात. पाण्याचे फडके काही दिसत नाही. ते टिकत नाही हे खरे. पण किती माणसे अंथरुणाला खिळण्यापासून वाचली असा हिशोब मांडला, तर या चिंधीची बाजू पुष्कळ जड भरेल.

आजच्या तरुण वाचकांना नारू हा शब्द समजावून द्यावा लागतो, ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. हा एक कृमी, दोऱ्यासारखा बारीक, पण लांबीला हातभर आणि कधी त्याहून अधिक. माणसाच्या अंगात तो वर्षभर मुकाट्याने वाढतो आणि मग बहुधा पायावर फोड आणून कातडीतून बाहेर डोके काढतो. त्यावर औषध नव्हते, आजही नाही. बाहेर आलेले टोक काडीला गुंडाळायचे आणि रोज थोडे थोडे ओढून घ्यायचे, एवढाच उपाय. घाई केली आणि धागा तुटला की पाय सुजून माणूस आणखी आडवा. नारू सहसा जीव घेत नसे. तो घेत असे पेरणीचे किंवा कापणीचे दिवस. ज्याच्या घरी दोन माणसे राबणारी आणि दोन्ही पाय धरून बसलेली, त्या घराचे ते वर्ष गेलेच म्हणायचे.

हा कृमी पोटात येतो कसा, याचा माग १८७० च्या सुमारास फेदचेंको नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने तुर्कस्तानच्या मुलखात काढला. साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा एक जलचर असतो, मोहरीपेक्षाही लहान. डोक्यावर एकच डोळा, म्हणून ग्रीक कथांतल्या एकडोळ्या राक्षसाचे नाव त्याला मिळाले. नारूची पिल्ले या सायक्लॉप्सच्या पोटात वाढतात, आणि पाण्याबरोबर सायक्लॉप्स गिळला की ती माणसाच्या पोटात जातात. आता दुसरी बाजू पाहा. फोडाची आग आग होत असलेला माणूस काय करील? गार पाण्यात पाय सोडील. पाणी लागताच कृमी आपली पिल्ले लाखांनी त्यात सोडतो. म्हणजे एकाच्या पायातून विहिरीत आणि विहिरीतून सगळ्या गावाच्या घागरीत, असे हे चक्र.

यासाठी पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता यावे लागते, आणि हीच तर आपली बारव. बारवेच्या कमानी, कोनाडे, घडीव दगड यांवर आम्ही भरभरून लिहितो, आणि लिहावेच. पण आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर जिच्या पाण्यात घोट्यापर्यंत उतरून घागर बुडवतात ती देखणी बारव घातक, आणि ज्यात माणसाला उतरताच येत नाही तो कठड्याचा ओबडधोबड आड सुरक्षित. नारू निर्मूलनाच्या मोहिमेत कितीतरी पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधले, पायऱ्या बंद केल्या, हातपंप बसवले. शिल्पाची आवड असलेल्याला हळहळ वाटेल. मला तरी वाटत नाही.

ही मोहीम आपल्या देशात १९८३-८४ च्या सुमारास सुरू झाली. १९८४ साली सुमारे चाळीस हजार रुग्ण नोंदले गेले, आणि ज्या राज्यांत ते होते त्यांत महाराष्ट्रही होता. लस नाही, गोळी नाही. साधने काय, तर विहिरीची दुरुस्ती, पाण्यात टाकायचे थोडे औषध, घरोघर जाऊन बोलणारी माणसे आणि गाळायचे कापड. सायक्लॉप्स डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका मोठा असल्यामुळे नीट विणीच्या कापडातून तो पार होत नाही. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैत राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. आफ्रिकेत हे काम अजून संपलेले नाही. तिथे गुराख्यांच्या गळ्यात जाळी बसवलेली एक नळी असते. तळ्याकाठी बसून तिच्यातूनच पाणी ओढायचे. आपल्या फडक्याची ती धाकटी बहीणच. १९८६ साली जगात अंदाजे पस्तीस लाख रुग्ण होते. अलीकडे वर्षाला दहा-पंधराच आढळतात.

इथे कोणी म्हणेल, पाहा, आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते. हे म्हणणे फार लवकर गोड लागते, म्हणून जरा थांबू या. पाणी वस्त्राने गाळून प्यावे असा नियम मनुस्मृतीत संन्याशासाठी आहे खरा. पण तो आहे जमिनीवर पाहून पाऊल टाकावे या नियमाच्या शेजारी. म्हणजे रोख आहे तो बारीक जीव मरू नये यावर. जैन आचारात तर गाळल्यावर फडक्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचे पाणी तिथेच हलक्या हाताने परत सोडण्याची रीत आहे. भाव मोठा आहे, मी त्याला नावे ठेवीत नाही. पण तिथे फडके पाण्यातल्या जिवाला माणसापासून वाचवीत होते. माणूस वाचला तो ओघाने.

आणि आपल्या बहुतेक घरांत तिसराच हेतू होता. पाण्याच्या फडक्याला कोणी हात लावायचा नाही, तो हात मळलेला असेल म्हणून नव्हे, तर तो कोणाचा असेल म्हणून. सोवळे आणि स्वच्छता या दोन गोष्टी एकाच खुंटीवर टांगलेल्या असल्यामुळे आपण त्यांना एकच समजत आलो. त्या किती वेगळ्या आहेत ते महाडला दिसले. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव तिथल्या नगरपालिकेने १९२४ मध्ये केला होता. त्या ठरावाला धरून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर तळे बाटले म्हणून ते 'शुद्ध' करण्यात आले. कसे? तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून, त्यात गाईचे शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून, मंत्र म्हणून ते पुन्हा तळ्यात ओतले. पिण्याच्या पाण्यात शेण आणि मूत्र घातले आणि ते शुद्ध झाले! ज्या घरांतून या घागरी आल्या त्या घरांत पाण्याचे फडके रोज सोवळ्यात वाळत असणार. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तळ्याचा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात १९३७ साली निकालात निघाला. पाणी सर्वांचे ठरायला दहा वर्षे लागली.

फडक्याची खरी परीक्षा झाली ती पुढे बंगालच्या मुलखात. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्याच्या एका तळ्यात पटकीचे जंतू सापडले होते. हे जंतू इतके सूक्ष्म की कोणत्याही कापडातून सरळ निघून जातील. त्यामुळे पटकीपुढे फडके निरुपयोगी असेच सगळे धरून चालले होते. पण रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले की तळ्याच्या पाण्यात हे जंतू एकेकटे थोडेच असतात. पुष्कळसे सायक्लॉप्सच्याच जातकुळीतल्या जलचरांच्या अंगाला चिकटून राहतात. मग जलचर अडवला तर त्याच्या पाठीवरचे प्रवासीही अडतील. त्यांनी बांगलादेशातल्या पासष्ट खेड्यांत हा प्रयोग केला आणि त्यांपैकी काही खेड्यांतल्या बायकांना पाणी जुन्या साडीतून गाळायला सांगितले. साडीची घडी निदान चारदा घालायची. नवी साडी नको, जुनीच हवी. कारण वारंवार धुऊन धाग्यांचे तंतू सुटतात आणि विणीतली छिद्रे बारीक होतात. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पटकीचे रुग्ण निम्म्याच्या जवळपास कमी झाले होते. आपल्या आज्या नव्या कापडापेक्षा जुनेरे का पसंत करीत, त्याला अशी बळकटी मिळाली. त्या मात्र ते काटकसरीसाठी करीत असाव्यात.

निम्मे कमी झाले याचा अर्थ निम्मे राहिले, हेही विसरू नये. गाळलेले पाणी उकळून घेतले किंवा त्यात क्लोरीनचे थेंब टाकले तरच ते निर्धोक होते. शिवाय गाळून झाल्यावर पाण्यात हात बुडाला तर सगळे मुसळ केरात. कलकत्त्याच्या वस्त्यांत पटकी झालेल्या घरांतून अरुंद तोंडाच्या सुरया दिल्या, तेव्हा इतर माणसांना होणारा संसर्ग बराच घटला, असे १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसले. सुरईत हात जातच नाही, सांगावेही लागत नाही. माठ असेल तर लांब दांड्याचे ओगराळे हवे, आणि ते माठाच्या झाकणावर उघडे न ठेवता खुंटीला टांगायला हवे.

आता तुमच्या घरच्या नळाकडे वळू. पुष्कळ ठिकाणी नळाच्या तोंडाला एक फडके दोऱ्याने बांधलेले असते. गाळ अडावा म्हणून बांधले, ते चांगलेच; पण बांधले कधी हे घरात कोणाला आठवत नाही. आतून ते बुळबुळीत झालेले असते, रंग तांबूस. सदा ओले, ऊन कधी लागत नाही. जंतूंना याहून चांगली जागा आपण मुद्दाम करूनही देऊ शकलो नसतो, आणि सारे पाणी त्याच्यातून येत असते. बांगलादेशातल्या त्या बायकांना दुसरी सूचना दिली होती ती हीच: गाळून झाले की फडके दर वेळी धुवायचे आणि वाळवायचे. तेव्हा आज नळाचे फडके सोडून पाहा. बहुधा ते टाकूनच द्यावे लागेल. नवे बांधायचेच असेल तर दोन तुकडे करा, एक नळाला आणि एक उन्हात, आणि रोज सकाळी पाणी येण्याआधी त्यांची अदलाबदल करा.