नोकरी गेली, पोटगी उरली



नव्या कामगार संहितांवर आम्ही बोलावे, अशी व्याख्यानमालेच्या चालकांची इच्छा होती. त्या विषयाला विद्वान वक्ते पुष्कळ मिळतील, आम्हाला पोटगीवर बोलू द्या, अशी विनंती आम्ही केली. चालक जरा चपापले. कामगार संघटनेच्या माणसाचा आणि पोटगीचा संबंध काय, असे त्यांना वाटले असावे. त्यांना दोष देत नाही. आम्हालाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते, आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणूनच आज येथे उभे आहोत.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. वडील मुंबईला गिरणीत आणि आम्ही भावंडे आईजवळ कोकणात. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर आमच्या घरी येणारी मनीऑर्डर थांबली आणि आमची शाळाही थांबली. पण एक गोष्ट थांबली नाही. वडिलांचे कार्ड दर महिन्याला येई. "या महिन्यात काही पाठवता येत नाही. अमक्याकडे हमाली मिळण्यासारखी आहे. मिळाली की दहा-वीस रुपये पाठवतो." एवढाच मजकूर. आई ते कार्ड घेऊन वाण्याकडे जाई, वाणी ते वाचे आणि आणखी महिनाभर उधार देई. पैसा नव्हता, पण माणूस कुठे आहे, कसा आहे, काय करतो आहे, हे ठाऊक होते. त्या कार्डाची किंमत आम्हाला फार उशिरा कळली.

ती कशी कळली, ते सांगतो.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला एका कारखान्यात आमची युनियन होती. कारखान्याला टाळे लागले. गेटासमोर मांडव घालून आम्ही बसलो. आमच्यातला एक प्रेस ऑपरेटर बायकोपासून वेगळा झालेला होता. आठ वर्षांची मुलगी आईकडे राहत होती, आणि मुलीसाठी दरमहा चार हजार रुपये द्यावेत असा कोर्टाचा हुकूम होता. तोवर त्याने एक महिनाही चुकवला नव्हता. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, आता पोटगीचं काय करू?" आम्ही त्याला उत्तर दिले, "अरे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पगार नाही तिथे पोटगी कसली? आधी लढा संपू दे." आमच्या सल्ल्यात कायद्याचे ज्ञान नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्या मुलीचा विचारही नव्हता.

त्याने आमचे ऐकले. पैसे थांबवले, कोर्टात अर्ज केला नाही, घरी निरोपही धाडला नाही. शरमेने फोन घेणेही सोडले. अकरा महिन्यांनी मांडवात पोलीस आले आणि वॉरंटवर त्याला घेऊन गेले. हे मालकाचेच कारस्थान, असे समजून आम्ही शंभर माणसांनी घोषणा दिल्या! दुसऱ्या दिवशी त्याची बायको मुलीला घेऊन युनियनच्या कचेरीत आली. तिने एक वही आमच्यापुढे ठेवली. दूध, दवाखाना, वह्या-पुस्तके, रिक्षा असा महिन्यावार हिशेब होता आणि खाली थकबाकी लिहिली होती, रुपये चव्वेचाळीस हजार. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, "दादा, तुमच्या लढ्याला माझ्या पोरीनं अकरा महिने वर्गणी दिली. पावती तेवढी द्या."

आम्ही तीस वर्षे भाषणे केली आहेत. त्या दिवशी आम्हाला तोंड उघडता आले नाही.

आता कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात पाहू. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात तेच कलम १४४ झाले. ऐपत असून बायकोला, मुलाला किंवा आईबापांना न पोसणाऱ्याला दरमहा रक्कम देण्याचा हुकूम त्याखाली होतो. ही रक्कम एकेकाळी पाचशे रुपयांवर जात नसे. ती मर्यादा २००१ साली काढली. पुरेशा कारणाशिवाय हुकूम मोडला तर वसुलीचे वॉरंट निघते, आणि तरीही रक्कम बाकी राहिली तर एक महिन्यापर्यंतची कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणजे देणे फिटले, अशी आमच्या लोकांची समजूत आहे. ती साफ खोटी आहे. तुरुंग हा वसुलीचा मार्ग आहे, फेड नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. आमचा माणूस महिन्याने सुटला, तेव्हा चव्वेचाळीस हजार जसेच्या तसे त्याची वाट पाहत होते.

मग नोकरी गेलेल्याला कायदा काहीच वाट ठेवत नाही काय? ठेवतो. परिस्थिती बदलल्याचे सिद्ध केल्यास रक्कम कमी किंवा जास्त करून मिळते. पूर्वी हे कलम १२७ होते, आता ते १४६ आहे. पण अर्ज करावा लागतो. नोकरी गेली म्हणून हुकूम आपोआप खाली उतरत नाही. माणूस घरी गप्प बसला तर थकबाकी मात्र न बोलता वाढत जाते.

अर्जात काय मागावे? आपल्यातले काही शहाणे म्हणतात, उत्पन्न शून्य लिही. झाकली मूठ सव्वा लाखाची! बंधूंनो, कोर्टात ही म्हण चालत नाही. २०२० सालच्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने दोन्ही पक्षांना आपली मिळकत आणि देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करावी लागतात. शिवाय धडधाकट माणूस कमावू शकतो असे न्यायालय धरून चालते, आणि तसे नसेल तर ते दाखवण्याचा भार त्याच्यावरच असतो. अंगमेहनत करावी लागली तरी ती करून बायकामुलांना पोसावे, असे सर्वोच्च न्यायालयाने एकदा नव्हे, अनेकदा बजावले आहे. म्हणून जे खरे आहे ते लिहावे. "चोवीस हजारांची नोकरी गेली, सध्या टेम्पोवर दहा हजार मिळतात, तूर्त इतके देतो, काम लागले की कळवतो." असे लिहिणाऱ्याचे ऐकले जाते. आमच्या कार्डाची आठवण झाली ना? मजकूर तोच आहे, फक्त पत्ता कोर्टाचा.

अर्जाचा निकाल लागेपर्यंत काय करावे? जमेल ते द्यावे, पण देणे थांबवू नये. पाचशे असोत, हजार असोत, बँकेतून द्यावेत. हातोहात दिलेल्या पैशाला पुरावा नसतो. मुलासाठी आणलेली सायकल किंवा कपडे पोटगीत धरले जातील, या भ्रमात राहू नये.

आता जरा हिशेब करू. कपातीच्या भरपाईला सलग नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, हा नियम जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेतही तोच आहे. चोवीस हजार पगाराचा माणूस बारा वर्षे राबला असेल, तर त्याला सहा महिन्यांचा पगार, म्हणजे १,४४,००० रुपये मिळतील. ग्रॅच्युइटी वेगळी. हा चेक हाती आला की आमचा गडी काय करतो? आधी सावकाराचे देतो, मग गाडीचा हप्ता, मग बहिणीच्या लग्नाची उधारी. मुलाचे नाव यादीत शेवटी, कारण मूल तगादा लावीत नाही. पोटगी सहा हजार असेल, तर सहा महिन्यांचे ३६,००० रुपये पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. बाकीचे १,०८,००० तुमचे. सहा महिने झोप लागेल आणि काम शोधायला डोके ताळ्यावर राहील.

पण ही गोष्ट कायम कामगाराची झाली. आज निम्म्याहून अधिक वेळ आमच्याकडे येतो तो कंत्राटी कामगार. त्याला फोन येतो, "उद्यापासून येऊ नकोस." ना नोटीस, ना चिठ्ठी. कोर्ट विचारते, नोकरी गेल्याचा पुरावा काय? त्याने काय दाखवावे? बँकेचे पासबुक, ज्यात पगार जमा होणे कोणत्या महिन्यात थांबले ते दिसते. प्रॉव्हिडंट फंडाचा उतारा. गेटपास. कंत्राटदाराला पोचपावतीसह पाठवलेले पत्र. हे कागद नोकरी असतानाच जमवून ठेवावेत. वकिलाच्या फीची भीती बाळगू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रिया, मुले आणि औद्योगिक कामगार या तिघांनाही मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते.

भगिनींनाही एक सांगणे आहे. थकबाकी साचू देऊ नका. प्रत्येक रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. दया करायची असेल तर जरूर करा, पण तारीख लिहून ठेवून करा.

शेवटी आमच्या चळवळीविषयी. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. ती का मागितली? कामगार हा यंत्राचा भाग नव्हे, त्याला घर आहे, मुलेबाळे आहेत, म्हणून. मग त्याची मुलेबाळे ही आमच्या कक्षेबाहेरची बाब कशी? "ही घरगुती भानगड" असे म्हणून आम्ही हात झटकले. पोटगी चुकवण्यासाठी पगार रोखीने घेणाऱ्या आणि मुद्दाम नोकरी सोडणाऱ्या सभासदांकडेही आम्ही काणाडोळा केला. आता आमच्या युनियनने नियम केला आहे. टाळेबंदी किंवा कपात झाली की पहिल्या आठवड्यात प्रत्येक सभासदाला विचारायचे, कोर्टाचा हुकूम आहे काय? असेल तर अर्ज युनियनच्या कचेरीतच लिहायचा. संपाच्या निधीतून पहिला वाटा मुलांचा. आणि चुकवेगिरी करणाऱ्याच्या मागे युनियन उभी राहणार नाही.

त्या प्रेस ऑपरेटरने पुढे मार्केट यार्डात हमाली केली. कोर्टाने त्याची पुढची रक्कम काही काळ कमी केली, मागची मात्र त्याने पाचशे-हजार करीत चार वर्षांत फेडली. मुलगी आता नोकरी करते. तिने बापाला क्षमा केली की नाही, हे आम्ही विचारलेले नाही. तो अधिकार आमचा नाही.

पावती मात्र आम्ही अजून दिलेली नाही. आजचे भाषण हीच ती समजावी, अशी त्या माउलीला विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.