डोळ्यात पुन्हा पुन्हा रक्त उतरतं तेव्हा

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. राज्य सरकारच्या नोकरीत पाइपलाइनची कामं बघणारा डिप्लोमावाला माणूस. पण २०२३ पासून माझ्या डोळ्यात तीनदा रक्त उतरलं, आणि ते कळल्यावर आपल्याच हिमायतनगर-नारायणगुड्यातल्या पाच-सहा घरांतून ‘अहो, आमच्याकडेही होतं’ असं ऐकू आलं. म्हणून कार्यकारिणीने हा विषय दिला.

पहिल्यांदा झालं त्या पावसाळ्यात तेलंगणात डोळ्यांची साथ होती. ऑफिसात शिरलो की ‘सार, कंड्लकलक वच्चिंदा?’ म्हणत लोक खुर्ची मागे सरकवायचे. पण डोळे येणं वेगळं आणि हे वेगळं. डोळे आले की घाण येते, सकाळी पापण्या चिकटतात, खुपतं, आणि घरभर पसरतं. रक्त उतरलं की पांढऱ्या भागावर एक तांबडाभडक डाग, बस. दुखत नाही, नजरेत फरक नाही. आरशात बघेपर्यंत किंवा सौ. ओरडेपर्यंत पत्ताही नसतो. हे कोणाला लागत नाही, तेव्हा आरतीला माझ्या शेजारी उभं राहायला हरकत नाही.

डॉक्टर याला सबकंजंक्टायव्हल हॅमरेज म्हणतात. हॅमरेज म्हटलं की आपल्याला मेंदूच आठवतो. प्रत्यक्षात डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पारदर्शक पापुद्रा असतो आणि त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. जोराचा खोकला, शिंक, उलटी, शौचाला कुंथणं, सिलिंडर उचलणं, डोळा चोळणं, एवढ्यानेही एखादी फुटते आणि थेंबभर रक्त खाली पसरतं. हाताला मुका मार बसला तर निळं-काळं पडतं, इथे मात्र लालभडक राहतं, कारण त्या पातळ पापुद्र्यातून हवेतला ऑक्सिजन आत पोचतो. दुसऱ्या दिवशी डाग वाढलेला दिसतो, मग पिवळट होत दोन-तीन आठवड्यांत जातो. औषध घालून तो लवकर जात नाही. गुलाबपाणी, मध, तूप हे सगळं कृपया डोळ्याबाहेर ठेवा.

एकदा झालं तर विसरून जावं. पण आमच्या कामात एकाच लाइनवर तीन गळत्या निघाल्या की नुसता जोड बदलून कोणी घरी जात नाही, प्रेशर बघतात. तिसऱ्या वेळी डोळ्याच्या डॉक्टरांनीही तेच केलं. डोळा तपासला आणि दंडाला पट्टा बांधला. १५८/९८! डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. आठवडाभर रोज मोजलं, एकदाही १४०/९० च्या खाली आलं नाही. आता रोज गोळी आहे. बीपीमुळेच डोळ्यात रक्त आलं असं छातीठोकपणे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण बीपी सापडलं ते त्या डागामुळे, हे खरं. त्यांनी शुगर आणि प्लेटलेटसुद्धा तपासायला लावल्या.

ज्येष्ठांसाठी एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. आपल्यात स्टेंट बसवलेले बरेच जण आहेत. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अशा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर हे डाग जास्त दिसतात. म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. स्टेंट बंद पडला तर डोळ्यातल्या डागाची कोणाला आठवणही राहणार नाही. वॉरफरिनवाल्यांनी आयएनआर तपासून डॉक्टरांना विचारावं.

थांबायचं नाही ते कधी? डोळा दुखतोय, अंधूक दिसतंय, उजेड सोसत नाही, मार लागलाय. किंवा हिरड्यांतून, नाकातूनही रक्त येतंय, अंगावर डाग उठलेत. सध्या डेंग्यूचे दिवस आहेत. तापाबरोबर असं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. नजरेची तक्रार असेल तर मेहदीपट्टणमचं सरोजिनीदेवी सरकारी नेत्र रुग्णालय आहे, बंजारा हिल्सला एल. व्ही. प्रसाद आहे.

मंडपाच्या डाव्या हाताला आज बीपीचं यंत्र ठेवलंय. जिना चढून आल्या आल्या हात पुढे करू नका, पाच मिनिटं शांत बसा, मग मोजा. आरतीला अजून अर्धा तास आहे.